रूपांतरांचा भूमितिकार : लुइजी क्रेमोना

ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या स्मरणग्रंथात संतांची, कवींची, लोकनेत्यांची आणि ग्रंथप्रेमी संस्थानिकांची चरित्रे यावीत, हे आपल्या परंपरेला धरूनच आहे. एखाद्या परदेशी भूमितिकाराचे चरित्र मात्र अशा ग्रंथात सहसा आढळत नाही. तरीही प्रस्तुत लेखासाठी इटलीतील लुइजी क्रेमोना (१८३०–१९०३) यांची निवड केली, याला दोन कारणे आहेत. बैजिक भूमिती या शास्त्रात ज्यांच्या नावाने ओळखली जाणारी रूपांतरे आजही अभ्यासली जातात, असे हे थोर गणिती होत, हे पहिले कारण. दुसरे कारण आपल्याला अधिक जवळचे आहे. कीर्तीच्या शिखरावर असताना या गणितज्ञाने रोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची विस्कटलेली घडी बसवण्याचे काम अंगावर घेतले होते.

विद्वानाने आपले आयुष्य विद्येला वाहावे की विद्येच्या संस्थांना, हा प्रश्न क्रेमोनांच्या चरित्रात पदोपदी उभा राहतो. आपल्या ग्रंथालयासारख्या संस्था ज्यांनी आपल्या लेखनवाचनाचा वेळ मोडून चालविल्या, त्यांनाही हा प्रश्न चुकला नसेल. म्हणून या चरित्राकडे आपण गणिताच्या विद्यार्थ्याच्या नजरेने जेवढे पाहू, तेवढेच ग्रंथालयाच्या सभासदाच्या नजरेनेही पाहू.

बालपण आणि रणांगण

लुइजी क्रेमोना यांचा जन्म ७ डिसेंबर १८३० रोजी उत्तर इटलीतील पाविया या प्राचीन विद्यानगरीत झाला. त्या काळी इटली नावाचे एकसंध राष्ट्र अस्तित्वात नव्हते. लोंबार्दी आणि व्हेनिस हे प्रांत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते आणि बाकीचा देश लहानमोठ्या राज्यांत विभागलेला होता. वडील गाउदेन्त्सिओ क्रेमोना यांचे छत्र लुइजींच्या बालपणीच हरपले. त्यानंतर सावत्र भावांनी मदत केल्यामुळेच त्यांचे शिक्षण चालू राहिले. त्यांचा धाकटा भाऊ त्रांक्विल्लो पुढे चित्रकार म्हणून नावारूपाला आला. एकाच घरात एक भाऊ रंगांचा आणि दुसरा रेषांचा उपासक निघावा, हा योग मोठा मनोज्ञ आहे.

१८४८ साल हे युरोपात क्रांतीचे वर्ष होते. मार्च महिन्यात मिलान आणि व्हेनिस या दोन्ही नगरांनी ऑस्ट्रियाविरुद्ध उठाव केला. त्या वेळी लुइजींचे वय अवघे १७ वर्षांचे होते. शाळेतील पुस्तके बाजूला ठेवून ते स्वयंसेवकांच्या तुकडीत दाखल झाले आणि सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत चढले. मिलानचा उठाव लवकरच मोडून काढण्यात आला. व्हेनिस मात्र दानिएले मानिन यांच्या नेतृत्वाखाली झुंजत राहिले. वेढा पडलेल्या त्या नगरात उपासमार होती, तोफांचा मारा होता आणि पटकीची साथही होती. ऑगस्ट १८४९ मध्ये व्हेनिसने शरणागती पत्करली, तोपर्यंत क्रेमोना तेथे लढत होते.

पराभूत सैनिक म्हणून ते पावियाला परतले आणि त्याच वर्षी विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीच्या अभ्यासाला लागले. तेथे त्यांना फ्रांचेस्को ब्रिओस्की हे गुरू लाभले. ब्रिओस्की क्रेमोनांपेक्षा सहाच वर्षांनी मोठे होते. स्वतः उत्तम गणिती असून, नव्या इटलीला नव्या शिक्षणसंस्था हव्यात ही त्यांची तळमळ होती. शिष्याच्या पुढील आयुष्यातील बहुतेक वळणांवर या गुरूचा हात दिसतो. १८५३ साली क्रेमोना पदवीधर झाले. पण ऑस्ट्रियाविरुद्ध शस्त्र उचललेल्या तरुणाला सरकारी शाळेत नेमणूक मिळणे सोपे नव्हते. काही काळ त्यांनी घरोघर शिकवण्या करून चरितार्थ चालविला. १८५५ मध्ये पावियाच्या शाळेत तात्पुरती जागा मिळाली आणि १८५७ मध्ये क्रेमोना या गावच्या शाळेत कायम नेमणूक झाली. गाव आणि आडनाव एकच असण्याचा हा केवळ योगायोग होता.

त्या शाळेतील अध्यापनाचा बोजा सांभाळून त्यांनी जवळजवळ तीन वर्षे वक्र आणि पृष्ठे यांवर संशोधनात्मक लेख लिहिले. विद्यापीठ नाही, सहकारी नाहीत, हाताशी मोठे ग्रंथालय नाही, अशा स्थितीत केलेले ते काम होते.

बोलोन्याची सात वर्षे

१८५९ च्या युद्धानंतर लोंबार्दी ऑस्ट्रियाच्या हातून सुटली. क्रेमोना प्रथम मिलानच्या शाळेत आले आणि जून १८६० मध्ये बोलोन्या विद्यापीठात उच्च भूमितीच्या नव्याने निर्माण झालेल्या अध्यासनावर त्यांची प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिलेल्या प्रारंभिक व्याख्यानात त्यांनी, फ्रान्स आणि जर्मनीत भूमितीने केवढी झेप घेतली आहे आणि आपल्या देशातील शाळा व विद्यापीठे तिच्यापासून किती दूर राहिली आहेत, याचे परखड चित्र तरुणांपुढे मांडले. राजकीय स्वातंत्र्य दृष्टिपथात आले होते. बौद्धिक बरोबरी अजून मिळवायची होती. पुढील वर्षी, १८६१ मध्ये, इटलीचे राज्य अधिकृतपणे स्थापन झाले.

बोलोन्यातील सुमारे सात वर्षे हा क्रेमोनांच्या प्रतिभेचा वसंतऋतू होय. १८६२ मध्ये प्रतलीय वक्रांच्या भूमितीय सिद्धांतावरील त्यांचा मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला. १८६३ आणि १८६५ या वर्षी प्रतलातील आकृत्यांच्या रूपांतरणांवरील दोन निबंध आले. त्यांचे नाव अजरामर झाले ते या दोन निबंधांमुळे. १८६६ मध्ये पृष्ठांच्या सिद्धांतावरील ग्रंथ बाहेर पडला आणि त्याच वर्षी बर्लिनच्या अकादमीने जाकोब श्टायनर यांच्या नावाचा पुरस्कार, जर्मन गणिती रुडॉल्फ श्टुर्म यांच्यासह, त्यांना विभागून दिला. पुढे १८७४ मध्ये हा मान त्यांना पुन्हा मिळाला.

रूपांतरण म्हणजे काय?

क्रेमोनांच्या शोधाचे स्वरूप गणिताची विशेष तयारी नसलेल्या वाचकालाही थोड्या सायासाने समजू शकते. ग्रंथालयाचेच उदाहरण घेऊ. दाखल नोंदवहीतील प्रत्येक क्रमांकाला कपाटातील एक पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला एक क्रमांक, अशी जोडी असते. नोंदवहीवरून कपाटाकडे जाता येते आणि कपाटावरून नोंदवहीकडे परतता येते. तथापि, काही ठिकाणी ही जोडी बिघडते. दहा छोट्या पुस्तिका एकाच बांधणीत बांधलेल्या असतील, तर एका क्रमांकामागे अनेक पुस्तके निघतात. असे अपवाद थोडे असले आणि नेमके कोठे आहेत हे ठाऊक असले, तर व्यवहार अडत नाही.

एका प्रतलातील बिंदूंची दुसऱ्या प्रतलातील बिंदूंशी अशीच जोडी लावता येते. ती लावताना बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार एवढ्याच क्रिया वापरायच्या, आणि परतीचा मार्गही त्याच क्रियांनी सापडला पाहिजे, अशी अट घातली म्हणजे तिला द्विपरिमेय रूपांतरण म्हणतात. थोड्या अपवादात्मक बिंदूंवर आणि रेषांवर ही जोडी बिघडू शकते. अन्यत्र ती निर्दोष असते.

याचे सर्वांत साधे उदाहरण पाहा. प्रक्षेपीय भूमितीत प्रतलातील बिंदू तीन संख्यांच्या गुणोत्तराने दाखवितात. आता प्रत्येक संख्येच्या जागी तिची व्यस्त संख्या लिहा. २ : ३ : ६ हा बिंदू घेतला तर त्याचे रूपांतर एकद्वितीयांश : एकतृतीयांश : एकषष्ठांश असे होते, साऱ्यांना ६ ने गुणले म्हणजे ३ : २ : १. याच बिंदूला पुन्हा तीच क्रिया लावली की २ : ३ : ६ हा मूळ बिंदू हाती येतो. जी क्रिया नेते, तीच परत आणते. या क्रियेने सर्वसाधारण सरळ रेषेचा शंकुच्छेद होतो, म्हणजे विवृत्त, अन्वस्त किंवा अपास्त यांसारखा वक्र, आणि तो तीन ठरावीक बिंदूंतून जातो. हे तीन बिंदू म्हणजे एका त्रिकोणाचे शिरोबिंदू. अपवाद उद्भवतात ते याच त्रिकोणावर : त्याची प्रत्येक बाजू आक्रसून समोरच्या शिरोबिंदूत सामावते आणि प्रत्येक शिरोबिंदू पसरून समोरची बाजू बनतो.

हे द्विघाती रूपांतरण क्रेमोनांच्या आधीही परिचित होते. जर्मनीत माग्नुस यांनी १८३२ च्या सुमारास आणि इटलीत जोव्हान्नी स्कियापारेल्ली यांनी त्याचा अभ्यास केला होता. मंगळावरील रेषांच्या निरीक्षणामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले खगोलशास्त्रज्ञ ते हेच. परंतु अशी दुतर्फा रूपांतरणे दुसऱ्या घाताच्या पलीकडे जाऊ शकत नाहीत, असा समज रूढ होऊ लागला होता. क्रेमोनांनी तो खोडून काढला. कोणत्याही घाताचे रूपांतरण शक्य आहे, हे त्यांनी दाखवून दिले; एवढेच नव्हे, तर त्यासाठी अपवादात्मक बिंदूंनी कोणते हिशेब पाळले पाहिजेत, तेही निश्चित केले.

तो हिशेब असा. रूपांतरणाचा घात जर न असेल, तर सरळ रेषांची रूपांतरे झालेले सर्व वक्र काही ठरावीक बिंदूंतून, कोणत्या तरी पटीने, जातात. या सर्व पटींची बेरीज, न मधून १ वजा करून येणाऱ्या संख्येच्या तिप्पट असली पाहिजे; आणि पटींच्या वर्गांची बेरीज, न च्या वर्गातून १ वजा केल्यावर उरेल तेवढी असली पाहिजे. दुसऱ्या घाताला हे ताडून पाहता येते : तीन बिंदू, प्रत्येक एकेरी, बेरीज ३, वर्गांची बेरीजही ३. दोन्ही अटी जुळतात. एर्नेस्ट द जाँकियेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने स्वतंत्रपणे अशा रूपांतरणांचा एक विशेष वर्ग शोधला होता. क्रेमोनांच्या सर्वसाधारण सिद्धांतात त्यालाही जागा मिळाली.

या दृष्टीचे फळ त्यांच्या पुरस्कृत निबंधातही दिसते. त्रिघाती पृष्ठावर एकंदर २७ सरळ रेषा असतात, हे केली आणि सॅमन या गणितज्ञांनी १८४९ मध्ये दाखविले होते. अशा पृष्ठाचे प्रतलावर द्विपरिमेय चित्र काढले असता सारा हिशेब सोपा होतो. प्रतलात सहा बिंदू घ्यावेत. ते सहा बिंदू, त्यांतील दोन दोन जोडणाऱ्या १५ रेषा आणि पाच पाच बिंदूंतून जाणारे ६ शंकुच्छेद, असे मिळून २७ होतात. जे पृष्ठावर गूढ वाटते, ते सपाट कागदावर बोटांवर मोजता येते.

पूल, छपरे आणि परस्परव्यस्त आकृत्या

ब्रिओस्की यांनी १८६३ मध्ये मिलान येथे तंत्रशिक्षणाची उच्च संस्था उभारली होती. त्यांच्या आग्रहावरून क्रेमोना १८६७ च्या सुमारास तेथे गेले. त्यांच्या अध्यापनात तेथे आलेखीय स्थितिशास्त्र हा विषय होता. पुलाच्या सांगाड्यात किंवा छपराच्या कैचीत कोणत्या दांड्यावर किती ताण किंवा दाब येतो, हे आकडेमोडीऐवजी रेखाचित्राने काढण्याचे हे शास्त्र. इंग्लंडमधील मॅक्सवेल यांनी परस्परव्यस्त आकृत्यांची कल्पना आधी मांडली होती. एका आकृतीत जे दांडे एका सांध्यात मिळतात, त्यांच्या समांतर रेषा दुसऱ्या आकृतीत बंद बहुभुज बनवितात. क्रेमोनांनी १८७२ च्या पुस्तकात या कल्पनेला शुद्ध भूमितीचा आधार आणि अभियंत्याला वापरता येईल असे सुटसुटीत रूप दिले. युरोपातील अनेक देशांत अशा आकृतीला त्यांचेच नाव पडले. प्रक्षेपीय भूमितीवरील त्यांचे पाठ्यपुस्तक १८८५ मध्ये, आणि स्थितिशास्त्रावरील पुस्तके १८९० मध्ये, ऑक्सफर्डहून इंग्रजीत आली.

याच काळात शालेय शिक्षणाच्या वादातही ते उतरले. १८६७ च्या सुधारणेत अभिजात शिक्षणाच्या शाळांमधून निकृष्ट पाठ्यपुस्तके हटवून थेट युक्लिडचा ग्रंथ शिकवावा, असा निर्णय झाला. त्यामागे ब्रिओस्की आणि क्रेमोना यांचे वजन होते. स्वतः अत्याधुनिक भूमिती निर्माण करणाऱ्या माणसाने शाळेसाठी दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ पुढे करावा, याचे अनेकांना नवल वाटले आणि टीकाही झाली. तर्काची शिस्त आधी आणि नवी साधने नंतर, ही त्यांची भूमिका होती. ती सर्वस्वी योग्य होती असे म्हणता येणार नाही. कोवळ्या मुलांना युक्लिड जड जातो हा आक्षेपकांचा मुद्दा पोकळ नव्हता.

रोम : शाळा, ग्रंथालय आणि राजसभा

१८७० मध्ये रोम इटलीत सामील झाले आणि पुढील वर्षी ते राजधानी बनले. १८७३ मध्ये तेथील अभियांत्रिकी विद्यालयाची पुनर्रचना करण्यासाठी क्रेमोनांना पाचारण झाले. एका जुन्या मठाच्या वास्तूत भरणाऱ्या या विद्यालयाचे ते अखेरपर्यंत संचालक होते. १८७७ मध्ये रोम विद्यापीठात उच्च गणिताचे अध्यासनही त्यांच्याकडे आले. १८७९ मध्ये ते सिनेटचे सभासद झाले आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सभासदत्व दिले.

याच सुमारास ग्रंथालयाचे प्रकरण त्यांच्यापुढे आले. धर्मसंघ बरखास्त झाल्यावर रोममधील मठामठांतून जमा झालेल्या ग्रंथसंग्रहांतून, जेझुइटांच्या जुन्या विद्यालयाच्या वास्तूत, १८७६ साली राजा व्हिक्टर इमॅन्युएल यांच्या नावाचे राष्ट्रीय ग्रंथालय उघडण्यात आले होते. शतकानुशतके वेगवेगळ्या मठांत, वेगवेगळ्या पद्धतीने रचलेले ग्रंथ एका छताखाली आले, पण त्यांची एकत्र नोंद, वर्गवारी आणि देखरेख त्या वेगाने होऊ शकली नाही. गैरव्यवस्थेच्या तक्रारी वाढल्या आणि १८८० मध्ये सरकारने या संस्थेच्या पुनर्रचनेसाठी क्रेमोनांना आयुक्त नेमले.

ग्रंथपालाच्या कामाशी ज्याचा दुरूनही परिचय आहे, त्याला या जबाबदारीचे ओझे सांगावे लागणार नाही. ग्रंथ आहे पण नोंद नाही, नोंद आहे पण ग्रंथ नाही, एकाच ग्रंथाच्या चार प्रती चार मठांतून आलेल्या, अशा संग्रहात शिस्त आणणे हे संशोधनाइतकेच चिकाटीचे काम. त्यातून कीर्ती मात्र मिळत नाही. पन्नाशीतील हा युरोपविख्यात गणिती त्या कामाला लागला. ते ग्रंथालय आजही रोमचे मध्यवर्ती राष्ट्रीय ग्रंथालय म्हणून नांदत आहे. १९७५ पासून ते नव्या वास्तूत आहे.

याची किंमत काय पडली, तेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. रोमला आल्यानंतर क्रेमोनांच्या हातून नवे गणित उत्तरोत्तर कमी होत गेले. सिनेटमधील समित्या, विद्यालयाचा कारभार, शिक्षणविषयक कायदे यांत दिवस जाऊ लागले. पुढे ते सिनेटचे उपाध्यक्ष झाले. जून १८९८ मध्ये रुदिनी यांच्या मंत्रिमंडळात ते शिक्षणमंत्री झाले खरे, पण महिना पुरा होण्याच्या आतच ते मंत्रिमंडळ गेले. एवढ्या अवधीत कोणाच्याही हातून काही घडणे शक्य नव्हते. ज्या माणसाने ३३ व्या वर्षी भूमितीचे एक नवे दालन उघडले, त्याने उरलेले आयुष्य त्याच दालनात काढले असते तर काय काय सापडले असते, अशी हळहळ गणितज्ञांना वाटावी हे स्वाभाविक आहे.

तथापि, दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बोलोन्यात त्यांच्याजवळ शिकलेले एउजेनियो बेर्तिनी १८६६ मध्ये गॅरिबाल्डींच्या स्वयंसेवकांत गेले आणि परत येऊन भूमितीकडेच वळले. रोममधील शिष्य जोव्हान्नी बात्तिस्ता ग्वीच्या यांनी १८८४ मध्ये पालेर्मो येथे गणितमंडळ स्थापन केले. त्याचे नियतकालिक पुढे युरोपभर मानले गेले. कोर्राडो सेग्रे, ग्विदो कास्तेलनुओव्हो, फेदेरिगो एन्रिकेस ही पुढची पिढी क्रेमोनांनी घातलेल्या पायावर उभी राहिली. १८६० मध्ये ज्या देशात उच्च भूमितीचे अध्यासन नव्याने निर्माण करावे लागले, त्या देशाच्या भूमितीकडे चाळीस वर्षांत जगाने शिकण्यासाठी पाहावे, हे एकट्या माणसाच्या निबंधांनी घडत नाही. त्यासाठी वर्ग लागतात, वाचनालये लागतात, नियतकालिके लागतात, आणि ती चालविणारे कोणी तरी लागते.

शोधाचे पुढे काय झाले?

क्रेमोनांनी एक मोठा प्रश्न मागे ठेवला होता. सर्व घातांची ही अगणित रूपांतरणे कोणत्या मूळ घटकांपासून बनतात? वर सांगितलेले साधे द्विघाती रूपांतरण आणि सरळ रेषांना सरळच ठेवणारी रूपांतरणे, एवढ्यांच्या एकामागून एक वापराने प्रतलातील प्रत्येक रूपांतरण मिळते, असे प्रतिपादन माक्स नोएथर आणि इतरांनी १८७० च्या सुमारास केले. तीस वर्षे ते सिद्ध झाल्याचे मानले गेले. १९०१ मध्ये सेग्रे यांनी त्या सिद्धतेतील उणीव दाखविली : अपवादात्मक बिंदू एकमेकांना अगदी चिकटलेले असतील, तर युक्तिवाद पुरत नव्हता. त्याच वर्षी कास्तेलनुओव्हो यांनी निर्दोष सिद्धता दिली. कास्तेलनुओव्हो हे रोम विद्यापीठातच प्राध्यापक होते. सत्तरीतल्या क्रेमोनांच्या हयातीत, त्यांच्याच विद्यापीठात, त्यांच्या सिद्धांताची ही बाजू पूर्ण झाली. तीन मितींच्या अवकाशात मात्र असा सोपा पाया नाही, हे इंग्लंडच्या हिल्डा हडसन यांनी १९२७ च्या आपल्या ग्रंथात दाखविले.

अशी रूपांतरणे एकामागून एक करता येतात आणि उलटविताही येतात, म्हणून त्यांचा मिळून एक गट होतो. त्याला क्रेमोना गट म्हणतात. या अफाट गटाच्या आत काही शांत, सुव्यवस्थित उपगट आहेत. बिंदूच्या तीन संख्यांना आपापल्या स्वतंत्र, शून्येतर संख्येने गुणण्याची क्रिया हा त्यांतील प्रमुख होय. त्याला टोरस असे नाव आहे. टोरसाच्या क्रियेने बिंदू हलतात, पण मघाचा त्रिकोण जागचा ढळत नाही. आता गंमत पाहा. २ : ३ : ६ मधील पहिली संख्या दुप्पट केली की ४ : ३ : ६ मिळते आणि त्याचे व्यस्त रूपांतरण ३ : ४ : २ येते. मूळ बिंदूचे रूपांतरण ३ : २ : १ होते, त्यातील पहिली संख्या निम्मी केली तरी ३ : ४ : २ हेच गुणोत्तर मिळते. म्हणजे अलीकडचा गुणाकार पलीकडे भागाकार होऊन पोचतो. क्रेमोनांचे रूपांतरण टोरसाला मोडत नाही. ते त्याची दिशा तेवढी उलटविते.

१९७० मध्ये फ्रान्सच्या मिशेल देमाझ्यूर यांनी क्रेमोना गटातील अशा टोरसांचा सखोल अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी पंख्याच्या काड्यांप्रमाणे एका बिंदूतून निघणाऱ्या किरणांची रचना वापरली आणि तिला पंखा असेच नाव दिले. टोरस-भूमिती म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या शाखेचा हा एक उगम मानला जातो. त्या भाषेत क्रेमोनांच्या जुन्या उदाहरणाचे चित्र फार सुरेख दिसते. त्रिकोणाच्या तीन शिरोबिंदूंच्या जागी एकेक रेषा बसवावी. म्हणजे तीन जुन्या बाजू आणि तीन नव्या मिळून षट्कोन होतो. या नव्या पृष्ठावर तेच रूपांतरण षट्कोनाच्या समोरासमोरच्या बाजूंची केवळ अदलाबदल करते. कोठेही काही आक्रसत नाही, काही फुटत नाही. प्रतलावर जे अपवाद होते, ते योग्य जागा मिळताच नियमात बसले. ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचे तर, एका बांधणीत कोंबलेल्या पुस्तिका सुट्या करून प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक दिल्यासारखे हे झाले. २०१३ मध्ये सेर्ज काँता आणि स्तेफान लामी यांनी प्रतलाच्या क्रेमोना गटाच्या अंतर्रचनेविषयीचा, एन्रिकेस यांच्या काळापासून रेंगाळलेला, एक जुना प्रश्न सोडविला. त्या गटावरील संशोधन आजही थांबलेले नाही.

अखेर

लुइजी क्रेमोना १० जून १९०३ रोजी रोम येथे निवर्तले. त्यांच्या गणिती लेखनाचे तीन खंड १९१४ ते १९१७ या काळात, म्हणजे महायुद्धाच्या धामधुमीत, प्रसिद्ध झाले. त्यांच्या नावाची रूपांतरणे जगभरच्या विद्यापीठांत शिकविली जातात. ग्रंथालयाच्या आयुक्तपदाचा उल्लेख मात्र चरित्रकोशात एखाद्या ओळीत उरकला जातो.

त्यांनी निवड चुकविली का? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही, आणि त्यांनी काहीच गमावले नाही असेही वाटत नाही. विद्वानाने संस्थेसाठी दिलेला वेळ त्याच्या ग्रंथांच्या यादीतून कायमचा वजा होतो. तो दुसऱ्या कोणाच्या तरी ग्रंथांत उमटतो, पण तेथे त्याचे नाव नसते. गेल्या शंभर वर्षांत आपल्या ग्रंथालयाची दाखल नोंदवही ज्यांनी लिहिली, वर्गणीसाठी जे दारोदार हिंडले, पावसाळ्यात गळक्या छपराखालून ज्यांनी कपाटे हलविली, त्यांनीही आपापला असा वेळ दिला आहे. शताब्दीच्या या प्रसंगी त्यांचे स्मरण करताना, व्हेनिसच्या वेढ्यातून वाचलेल्या आणि रोमच्या ग्रंथालयात नोंदी तपासत बसलेल्या या भूमितिकारालाही त्यांच्याच पंक्तीत स्थान द्यावे, एवढीच सभासदांना विनंती.